अर्धा सभासद

शुक्रवार, १० ऑक्टोबर

वही, माफ कर. गणपतीच्या आधीपासून तुला हात लावलेला नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता. बसले असते तर भास्करचं लिहावं लागलं असतं, म्हणून बसले नाही.

भास्कर जहराला राहायचा, इथे आखातात आलेल्या कितीतरी जणांसारखा ट्रेलर चालवायचा. परभणीकडचा. ऑगस्टमध्ये झोपेतच गेला. त्याच्या खोलीतल्या दत्ताने मंडळाला फोन केला. मागणी मोठी नव्हती. वकिलातीला मंडळाच्या नावाने एक पत्र, आणि शवपेटीबरोबर गावापर्यंत जाणारं कुणीतरी. आमचा नियम चार असा की मंडळाच्या नावाने काहीही करायचं तर तिन्ही विभागांची लेखी संमती हवी. साल्मियाने दिली, अब्बासियाने दिली. मंगफचा, म्हणजे आमचा, चिटणीस रजेवर भारतात; त्याच्याऐवजी आमच्यापैकी कुणाचीही सही चालली असती. ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी जोडलेले हात आणि अंगठे पाठवले. मीही पाठवला. प्रत्येकाला वाटलं सही दुसरं कुणीतरी करतंय. सही आली तोवर गावात भास्करचा दहावा होऊन गेला होता. जहराच्या पोरांनी सगळं आपसात निभावलं.

आज त्यावर सर्वसाधारण सभा. आवाज चढले, दोघे उठून बाहेर जाऊन परत आले. शेवटी ठराव झाला: नियम चारमध्ये दुरुस्ती सुचवण्यासाठी तिघांची समिती. साल्मियाचे देशमुख काका (अध्यक्ष, मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी), अब्बासियाचा सावंत आणि मंगफची मी. "वहिनी एलएलबी आहेत की," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. नाशिकला घेतलेली पदवी. कोर्टात एकदाही उभी राहिले नाही, शर्कच्या ऑफिसात दुसऱ्यांचे करार वाचते.

जहराची माणसं नेहमीसारखी मागच्या भिंतीला उभी. ती 'सहयोगी' सभासद. कुटुंब इथे नाही म्हणून बॅचलर, मग गावी बायको आणि दोन पोरं का असेनात. मत नाही, म्हणून खुर्ची नाही. ठरवलेलं असं काही नाही, तशी पद्धत पडून गेलीय. चहा तीच वाटतात. भास्करवर चर्चा चालू असताना दत्ताने मला कप दिला. घेतला. थँक्यूसुद्धा म्हटलं.

मंगळवार, १४ ऑक्टो.

लेकीची, ईशाची, परीक्षा. शाळा अमेरिकन, त्यामुळे इतिहासही त्यांचाच. धडा: स्वातंत्र्यानंतरचं त्यांचं पहिलं सरकार. तिला समजावायचं म्हणून आधी मीच वाचायला घेतला आणि जेवण करपेपर्यंत वाचत बसले.

तेरा राज्यं. लहान असो, मोठं असो, प्रत्येकाला एक मत. मध्यवर्ती सभा मागू शकते, हुकूम करू शकत नाही. कर बसवायचा अधिकार नाही, सैन्य हवं तर राज्यांकडे विनंती. सभेने ठरवलेलं अमलात आणायला माणूसच नेमलेला नाही. आणि हे सगळं बदलायचं तर तेराच्या तेरांनी हो म्हणायला हवं. एकदा बारा हो म्हणाले. सर्वांत लहान राज्य नाही म्हणालं. संपलं.

ईशा खांद्यावरून डोकावून: "सो बेसिकली, युवर मंडळ."

खूप हसलो दोघी. नंतर भांडी घासताना हसू येईना.

शेवटी त्या राज्यांचे लोक दुरुस्ती करायला जमले आणि नवी घटनाच लिहून उठले. ईशाला निबंधाचा प्रश्न तोच आहे: नेमून दिलेल्या कामापलीकडे जायचा त्यांना अधिकार होता का? तिने मला विचारलं. मी म्हटलं, नव्हता. ती म्हणाली, "देन व्हॉट, लीव्ह इट ब्रोकन?" बघू म्हटलं.

शुक्रवार, १७ ऑक्टो.

समितीची पहिली बैठक, साल्मियाला काकांकडे. काकांनी मूळ नियमावली काढून ठेवलेली, त्यांच्याच अक्षरात. काकूंनी थालीपीठं केली होती, त्यामुळे सुरुवात तरी गोड.

सावंत वाचून म्हणाला, "काका, तुमचो नियम चार बदलूक पण नियम चारच व्हयो!" खरंच आहे ते. दुरुस्तीलाही तिन्ही विभागांची लेखी संमती. म्हणजे आम्हाला दुरुस्त करायला पाठवलंय त्या यंत्राचं झाकणच उघडत नाही.

काका दुखावले. "तुम्हाला वाटतं आम्हाला अक्कल नव्हती? त्याच्या आधीचं मंडळ एका माणसाने खिशात घातलं होतं. त्याचीच नाटकं, त्याच्याच बायकोचं सूत्रसंचालन, बोलेल त्याला पुढल्या वर्षी आमंत्रण नाही. ते परत नको म्हणून प्रत्येक विभागाच्या हातात ब्रेक दिला आम्ही."

सावंत: "ब्रेक तीन आणि एक्सिलरेटर नाय."

काका नको नको म्हणत हसले. मला मात्र त्यांचं पटलं. त्या तेरा राज्यांनाही नुकताच एक राजा घालवल्यावर दुसरा नको होता. दुबळेपणा मूर्खपणातून आलेला नाही, धास्तीतून आलाय. हे मसुद्याच्या प्रस्तावनेत लिहायला हवं. काकांसाठी तरी.

ठरलं ते असं. नवी घटना लिहायची. एक कार्यवाह निवडायचा, ज्याने अडीनडीला मंडळाच्या नावाने लगेच निर्णय घ्यायचा आणि नंतर सभेला उत्तर द्यायचं. तीनपैकी दोन विभागांनी मान्य केली की घटना लागू. मी म्हटलं, जुन्या नियमाने तिन्ही लागतात, आणि आपल्याला काम फक्त एका नियमाचं दिलंय. मग सावंत मालवणी सोडून सरळ म्हणाला, "वहिनी, मग पुढच्या भास्करलाही थांबायला सांगू का?"

लिहायला घेते म्हणाले. सभा शेवटी हो-नाही म्हणेलच, लपवून काही करत नाही. पण स्वतःला हे समजावणं फार सोपं गेलं, याची नोंद असावी.

मंगळवार, २१ ऑक्टो.

लक्ष्मीपूजन. ऑफिस पूर्ण दिवस. घरी येऊन पूजा, मिलिंद (नवरोजी, यापुढे मि.) प्लांटवरून थेट, बूट दाराबाहेर, तसाच आरतीला उभा. दत्ताचा फोटो आला: खोलीच्या दारात पणत्या, आत तीन मजली बंक, वरच्या मजल्यावरून कुणीतरी हात हलवतंय. त्याला उत्तर म्हणून जे सगळ्यांना पाठवत होते तेच पाठवलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टो.

दुसरी बैठक. सगळा वेळ जागांवर. कार्यकारिणीत कुणाची किती माणसं?

मंगफमध्ये कुटुंबं सर्वांत जास्त, म्हणून आमच्या लोकांना जागा डोक्यांप्रमाणे हव्यात. साल्मिया लहान, काका म्हणतात सगळ्यांना सारख्या. शेवटी दोन्ही केलं: कार्यकारिणी संख्येप्रमाणे, पण कार्यवाहाची निवड आणि घटनेतला बदल विभागवार, एका विभागाला एक मत. ही युक्ती माझी. ईशाच्या पुस्तकातून उचललेली, हे सांगितलं नाही.

मग सावंतने मुद्दा काढला. अब्बासियात कुटुंबं थोडी. पण जहरा अब्बासियाच्या हद्दीत धरतात. "सहयोगी पण सभासदच ना? ते मोजा आमच्यात." मी विचारलं, मग त्यांना मत? "मत कशाला? मोजा फक्त." मंगफच्या वतीने मी हरकत घेतली. (हरकत कशाला होती? आमच्या जागा कमी होतात याला. हे आत्ता लिहिताना कळतंय.) ओढाताण झाली आणि काकांनी तोडगा काढला, दोन सहयोगींमागे एक धरा. सावंत खूश, मी खूश, काकूंनी कॉफी आणली.

कलम सात, माझ्या अक्षरात: सहयोगी सभासद दोनास एक याप्रमाणे मोजावेत, त्यांना मतदानाचा अधिकार असणार नाही.

मि. म्हणाला, "झालं ना काम? जेवू या."

रविवार, २ नोव्हेंबर

मसुदा टेबलावर होता. ईशाला मराठी वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. कलम सातवर बोट थांबलं.

"ममा. सहयोगी म्हणजे दत्ता अंकल आणि ते सगळे?"

हो.

"त्यांना काउंट करणार, पण व्होट नाही?"

हो.

"यू नो व्हॉट दिस इज, राइट?"

माहीत होतं. त्या घटनेत गुलाम पाचास तीन धरले होते, मालकांच्या राज्याच्या जागा वाढाव्यात म्हणून. तो परिच्छेद मी वाचला होता. पेन्सिलने खूणही केली होती. आणि तरी काकांकडे बसून दोनास एक लिहिताना मला तो आठवला नाही, की आठवला आणि मी बाजूला सारला? प्रामाणिकपणे सांगायचं तर नक्की माहीत नाही.

मी वाद घातला. ते गुलाम होते, हे मंडळ आहे. इथे कुणाला विकत नाहीत, गणपती बसवतात. तुलनेलाही काही ताळतंत्र असावं. ईशा शांतपणे: "आय डिडन्ट से इट्स द सेम. आय सेड यू कॉपीड द मॅथ. आणि तू त्यांच्यापेक्षा कमी दिलंस."

खोलीत निघून गेली. तिचं बरोबर आहे. माझंही चूक नाही, तुलना फार ताणली तर त्या माणसांच्या दुःखाचा अपमान होतो. पण हिशोबाची रीत तीच. दुसऱ्याचं डोकं आपल्या वजनात घालायचं आणि त्याला विचारायचं नाही.

आणखी एक. ती अमेरिकन घटना लिहिणाऱ्यांनी भर उन्हाळ्यात खिडक्या बंद करून घेतल्या होत्या, बाहेर शब्द जाऊ नये म्हणून. आमच्या खिडक्या एसीसाठी बंद असतात. पण जहराच्या एकालाही बोलवावं असं तिघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हें.

जहराला जाऊन आले. मि. गाडी चालवायला आला, आधी कुरकुरत. "तू जाऊन काय सांगणार आहेस?" सांगायला नव्हे, विचारायला, म्हटलं.

दत्ताच्या खोलीत आम्हाला एकुलत्या दोन खुर्च्या, बाकी सगळे बंकवर, पाय लोंबकळत. मी कलम सात वाचून दाखवलं. मग दत्ता:

"ताई, अर्धा म्हंजी वरचा का खालचा?"

खोली हसून फुटली. "खालचाच आसंल, चहा वाटायला पाय लागत्यात!" असं वरच्या बंकवरून. मि. एवढा हसला की डोळे पुसावे लागले. मीही हसले. आणि तोंड कुठे लपवावं ते कळेना.

दत्ता म्हणाला, "आपल्याला मताचं काय नाय ताई. मीटिंगला यायला शुक्रवार मिळतोच आसं नाय. पन रातीबेराती काय झालं तर कुनाला फोन करायचा त्याचं एक नाव पायजे. कमिटी नको, नाव. भास्करच्या टायमाला मी किती जनांशी बोललो, समदे चांगलं बोलले."

सगळे चांगलं बोलले. हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्यामुळे जास्त लागलं.

संजयला हे पटलं नाही. संजय भास्करचा चुलतभाऊ, शवपेटीबरोबर गावाला तोच गेला, स्वतःची वर्षाची सुट्टी घालून. कोपऱ्यात बसला होता. "दत्ताभाऊ, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. नाव निवडनार कोन? तेच. मंग फोन उचलनार कुनाचा? ज्याचं मत हाय त्याचा." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता: "मत द्यायचं नसंल तर देऊ नका, वहिनी. पन मंग मोजू बी नका."

दत्ता त्याला म्हणाला, "आरं पाहुने हायेत." संजय म्हणाला, "म्हनून तर हळू बोललो."

निघताना दत्ताने बकालातून (कोपऱ्यावरच्या वाण्याकडून) ईशासाठी ज्यूसची बाटली आणून दिली. परतीच्या रस्त्यावर मि. सहाव्या रिंगरोडला लागल्यावर म्हणाला, "हळू बोललो म्हणाला तो."

शनिवार, ८ नोव्हें.

एकच प्रश्न. हे मी संजयसाठी करतेय की ऑगस्टमध्ये सही केली नाही म्हणून? दुसरं असेल तर माझं समाधान झालं की मी थांबेन. म्हणून आधी लिहून ठेवते: समाधान झालं तरी थांबायचं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हें.

तिसरी बैठक. वाईट.

मी मांडलं: सहयोगी हा प्रकारच काढून टाका. सभासद तो सभासद, एक डोकं एक मत. सावंत: "म्हणजे अब्बासियात आम्ही कुटुंबवाले मूठभर आणि ते एवढे. उद्या चिटणीस त्यांचा." मी म्हटलं, असू दे. "असू दे काय वहिनी? ट्रेलर लावून मीटिंग घेणार काय तो?" बोलून गेला आणि स्वतःच खाली बघितलं. काकू आतून बाहेर आल्या नाहीत या वेळी.

मग मी संजयचं मांडलं: मत नाही तर मोजणीही नाही. सावंत म्हणाला, मग आमच्या जागा सर्वांत कमी, अब्बासिया बाहेर. आणि सगळ्यांना मत दिलं तर मंगफ बाहेर, कारण अब्बासिया आमच्यापेक्षा मोठं होतं. मंगफच्या प्रमुखांनी हे मला सकाळीच फोनवर बजावलं होतं. ते मि.चे प्लांटवरचे साहेबही आहेत. मि.ला सांगितलेलं नाही. नाही, सांगायला हवं.

तिघांत एकटी पडले. दोन विभाग लागतात आणि खऱ्या दुरुस्तीला एकही नाही.

काकांनी मला थांबवून घेतलं. "अनघा, पुढच्या वर्षी माझा इकामा वाढून इथे राहता येईल की नाही सांगता येत नाही. कंपनी म्हणते घरी जा. मला जाण्याआधी हे उभं राहिलेलं बघायचंय. आत्ता अर्धं घे. नव्या घटनेत बदल करायला दोनच विभाग लागतील. पुढे करशील."

मी म्हटलं, काका, पुढे बदल करायला मतं त्यांचीच लागतील ज्यांना आत्ता नको आहे.

काका म्हणाले, "आणि तू अडून बसलीस तर नियम चार राहील. तो तर माझाच आहे. तो मला तुझ्याहून जास्त टोचतो."

हे खोटं नाही. त्या अमेरिकनांतही काहीजण शेवटी सही न करता उठले, आणि बाकीच्यांनी मिळतंय ते घेऊन सही केली. दोघांकडेही कारणं होती. सही केलेल्यांची घटना टिकली, तिच्यामुळे देश उभा राहिला. आणि त्या पाचास तीनाची किंमत खोलीत नसलेल्यांनी पिढ्यान् पिढ्या दिली. ईशाच्या निबंधाचा शेवट साधारण हाच आहे. बाईंनी तिथे बरोबरची खूण करून पुढे 'बट?' लिहिलंय.

शनिवार, १५ नोव्हें.

ठरवलं. मसुदा सभेपुढे जाऊ दे, अडवणार नाही. कार्यवाहाची तरतूद हवीच, दत्ता म्हणतो ते नाव हवंच. पण कलम सातखाली लिहिलं: या कलमास समितीच्या एका सदस्येची संमती नाही, ती सभेत दुरुस्ती मांडील. खाली पूर्ण नाव. सही.

सावंतला आधी फोन करून सांगितलं, मागून कळायला नको. तो म्हणाला, "आपटशील गो." मग जरा थांबून, "ट्रेलरचा बोललंय ता मनात ठेवू नको." मी म्हटलं, मनात ठेवलंय, पण तुझ्याविरुद्ध नाही. "मगे बरा."

सोमवार, १७ नोव्हें.

मि.ला साहेबांच्या फोनचं सांगितलं. तो शर्टाला इस्त्री करत होता. कॉलर पुन्हा पुन्हा तीच.

दुरुस्ती मांडायला अनुमोदक लागतो, मत असलेला. काकांना विचारलं होतं. "मी अध्यक्ष, मला देता येत नाही. पण तुला बोलू देईन, मध्ये कुणाला बोलू देणार नाही." एवढं पुष्कळ आहे त्यांच्याकडून. मंगफमधल्या दोघींना विचारलं. एकीला मुलाचा क्लास, दुसरीने हात जोडलेले पाठवले.

मि.ला विचारलं नाही. त्यानेच इस्त्री उभी करून म्हटलं, "तू बोल. मी हात वर करीन की नाही ते मला तिथेच कळेल."

राग आला. मग वाटलं, यापेक्षा खरं उत्तर गेल्या महिनाभरात मला कुणी दिलेलं नाही.

बुधवार, १९ नोव्हें.

सभा परवा. भाषण लिहिलं, खोडलं, छोटं केलं. अमेरिका काढून टाकली सगळी. भास्करही जवळजवळ काढला, त्याचं नाव वापरून टाळ्या नकोत. उरलं एवढंच: ज्याला मोजता त्याला विचारा.

पडेल बहुतेक. पडलं तर पुढच्या सभेत पुन्हा, तोच मजकूर. तेव्हा काका इथे नसतील कदाचित, आणि मध्ये बोलणाऱ्यांना थांबवणारं कुणी नसेल. तरी.

संध्याकाळी दत्ताचा फोन. संजयने शुक्रवारची ड्यूटी बदलून घेतलीय, आठ-दहाजण नक्की येतायत. "लवकर येऊ का ताई? चहाचं सामान लावाया?"

मी म्हटलं, चहाचं कुणीतरी बघेल, तुम्ही वेळेवर या. "बरं." मग जरा चाचरत, "उभं कुटं ऱ्हायाचं, नेहमीच्याच जागी?"

कळवते म्हटलं. हॉलवाल्याला खुर्च्यांचा आकडा मीच दिलाय, गेल्या आठवड्यात, फक्त मत असलेल्यांचा. सवयीने.

उद्या: हॉलवाल्याला फोन करून खुर्च्या वाढवायला सांगणे.